नीपर ओलांडण्याआधी

टॅम्पिनीस, सिंगापूर
रविवार, ६ सप्टेंबर २०१५

आदरणीय शिवदासकाका,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. हिराकाकूंचा गुडघा आता कमी दुखतो हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. प्रबोधच्या खोलीत खिडकीखाली माझी गादी आहे आणि खाली दिवसभर कपबश्या आपटणारं कॉफीचं दुकान. मला ठेवून घेताना प्रबोधने एकच अट घातली. "राहा हवा तितका, पण तो स्वीडनचा राजा कार्ल बारावा माझ्या घरात नको." त्यामुळे सगळं तुमच्यासाठी साठवून ठेवलंय. भोगा.

तुम्ही म्हणालात, सध्या घरी येऊ नकोस, पण युद्धपटाचा डाव अर्धा टाकायचा नाही, पत्राने खेळ. मान्य. नाहीतरी राजा आणि सेनापती पत्रानेच बोलत होते. दोघांची पत्रं आधी पंच उघडणार, हेही मान्य. पण पंच म्हणून तुमच्या भावनाला तुम्ही फार खाती दिलीत, काका. तीच झार, तीच पाऊस, तीच घोड्यांचा चारा! आणि चालवतेही मोकळ्या हाताने. माझ्या मागच्या पत्रातल्या दोन ओळींवर काळी शाई फिरवून तिने समासात "स्वार ओढ्यात पडला, मजकूर भिजला" असं लिहिल्याचं तुम्ही कळवलंत. तुम्हाला हसू आलं असेल. त्या ओळींत डावातलं काही नव्हतं, हे मी कबूल करतो. पुढे काही विचारू नका.

आता परिस्थिती. सन १७०८, सप्टेंबर. मी तातार्स्कच्या छावणीत. समोर मॉस्कोचा रस्ता, आणि झारचे लोक गावं जाळत मागे सरकताहेत. तुम्ही, म्हणजे माझे सेनापती लेवेनहाउप्ट, धान्य आणि दारूगोळ्याच्या हजारो गाड्या घेऊन गोगलगायीच्या चालीने येताय. मध्ये नीपर नदी. खऱ्या राजाने इथेच तुमची वाट बघणं सोडलं आणि दक्षिणेला वळला. तुम्ही मागे एकटे सापडलात, झारने गाठलं, गाड्या गेल्या, आणि मग तो भयंकर हिवाळा आणि पोल्तावाचा पराभव. आपण सगळा पट मांडलाय तो या एका प्रश्नासाठी, की तो तुमच्यासाठी थांबला असता तर.

तुम्ही लिहिलंय, "राजे, तुम्ही काही थांबत नाही. तिसऱ्या वर्षात कॉलेज टाकणारा माणूस गाड्यांसाठी थांबेल होय?"

थांबेन. हा माझा हुकूम, पंचांनी नोंदवावा. राजा तातार्स्कला तळ ठोकून आहे. घोडे मेले तरी चालतील. (सगळे नकोत.)

कॉलेज का सोडलं ते तुम्ही परत विचारलंत. सांगितलं ना, कंटाळा आला. कोड लिहायचं, ते चालवायचं, त्यातल्या चुका शोधायच्या, परत लिहायचं. कार्ल पंधराव्या वर्षी गादीवर बसला, त्याने कुठे डिग्री घेतली होती? तुम्ही लगेच म्हणाल, त्याचं लग्नही झालं नाही. म्हणा.

हिराकाकूंना एक निरोप द्या. आमच्या घरी डबा पाठवू नका म्हणावं. आईबाबा हल्ली बाहेरच जेवतात. पाठवायचाच असेल तर प्रबोधच्या हाती माझ्यासाठी द्या. तो तुमच्या बुओना व्हिस्टालाच कामाला येतो, आणि चोरून अर्धा खाईल इतकाच धोका.

आपला,
कुशल


टॅम्पिनीस
रविवार, २० सप्टेंबर २०१५

आदरणीय शिवदासकाका,
जयभीम.

इथे खिडकी उघडता येत नाही. सुमात्रातली जंगलं जळताहेत आणि धूर आमच्या ब्लॉकमध्ये राहायला आलाय. समोरची इमारत दुपारीही अर्धीच दिसते. प्रबोध मास्क लावून भात शिजवतो. तुम्ही लॅबमधून घरी येताना मास्क लावा, तुम्हाला दम्याचा त्रास आहे आणि तुम्ही ऐकत नाही.

पंचांचा निकाल मिळाला. "राजाच्या छावणीभोवती सगळीकडे धूर, चारा संपला, घोडे झाडांच्या साली खातात." खिडकीबाहेर बघूनच लिहिलाय तिने. सेनापती अजून नदीच्या पलीकडे. काका, तुम्ही करताय काय तिकडे? एकेका गाडीला वंगण घालताय?

आता तुमच्या पत्राविषयी. ते वाचून मी पहिल्यांदा भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही. तुम्ही लिहिता, "असा काहून करतोस रे? उद्या माझ्या मुलीचा हात मागायला येशील, तेव्हा मी काय बघायचं? घर सोडलं, कॉलेज सोडलं. उद्या कंटाळा आला की काय सोडशील?"

पाच वर्षं मी रविवारी तुमच्या घरी येतोय. तुम्ही स्वीडनमध्ये शिकत असताना पाहिलेला त्या राजाचा निळा कोट मला इतक्यांदा ऐकवलाय की मीच तो घालून हिंडलोय असं वाटतं. पट अर्धा राहिला म्हणून मी सबमिशन चुकवलंय, मॅच चुकवलीय. मी काय अर्धं सोडलं तुमच्याकडे? एक सांगा.

बरं, त्या दिवशी खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये माझं नि भावनाचं काय झालं ते लिहितोच. भावनाने तुम्हाला काय सांगितलं मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही, कारण ती तशी आहे. मी तिला म्हणालो, माझा स्टुडंट पास गेला, आता व्हिजिट पासवर आहे, तो संपला की मला जावं लागणार. त्याआधी रजिस्टर लग्न करू. ती म्हणाली, "माझी फार्मसीची फायनल बाकी आहे. आणि बाबांना न सांगता? नाही." मी म्हणालो, हिंमत नाही असं सांग. ती म्हणाली, "नाही म्हटलेलं ऐकायला हिंमत लागते, ती तुझ्यात आहे का?" मग मी ओरडलो. ट्रे आपटला, कॉफी तिच्या नोट्सवर सांडली. ट्रे गोळा करणारे म्हातारे अंकल शेजारी येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बॉय, डोन्ट शाउट लाह. शी सेड नो, वॉट." सगळं सेंटर माझ्याकडे बघत होतं. ती नोट्स पुसत उठून गेली.

तुम्ही मला घरी येऊ नकोस म्हणालात ते बरोबर होतं. पण तिला विचारलं ते चूक नव्हतं. ते मी मागे घेत नाही.

गणपतीला आई बोलवायला आली होती. ब्लॉकखाली, टपालपेट्यांपाशी उभी होती, हातात मोदकांचा डबा, तोंडाला मास्क. म्हणाली, "बाबा काही बोलणार नाहीत, कुशल. आरतीपुरता ये." मी म्हटलं, ते कधीच काही बोलत नाहीत, तोच तर त्रास आहे. तिने डबा माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "निदान डबा तरी घे. तू पण तसंच करणार का?" मी घेतला. तिला असं का म्हणावंसं वाटलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.

हुकूम. मी अजून थांबलेलो आहे, पण तुमच्या वेगाने थांबायचं म्हणजे छळ आहे. सेनापतींनी ताबडतोब नीपर ओलांडावी. जड गाड्या मागे राहिल्या तर राहू द्या. रात्रंदिवस चाला. मला तुम्ही इथे हवे आहात, आणि लवकर.

आपला,
कुशल


टॅम्पिनीस
शनिवार, ३ ऑक्टोबर २०१५

काका,
जयभीम.

हे पत्र पोस्टाने येत नाहीये. प्रबोध ते घेऊन बुओना व्हिस्टाला तुमच्याकडे येणार आहे. त्याला शनिवारी बाहेर काढण्यासाठी मला त्याच्या आठवड्याच्या भांड्यांची जबाबदारी घ्यावी लागली. नियम मोडला. पंचांनी काय तो दंड करावा. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुमचाही. आज तो चढायला नको.

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. तुम्ही लिहिलंय, "रविवारी संध्याकाळी मी आणि हिरा तुमच्या घरी जातोय. मनोहररावांशी बोलतो. पोरगं गरम डोक्याचं आहे, बापही असेल, कुणीतरी मध्ये पडायला पाहिजे. तुझं कॉलेज परत सुरू करायचं बघू. आणि तुझं नि भावनाचं काय ते सरळ त्यांच्यापुढे ठेवतो. लपवण्यासारखं त्यात काय आहे? हिरा अळूवड्या करणार आहे, तुझ्या आईला आवडतात ना."

जाऊ नका.

आता मला का ते सांगावं लागेल. दोन महिने मी ते टाळलंय. कंटाळ्यामुळे कॉलेज सोडणारा पोरगा, असं तुम्ही मला समजत राहिलात, आणि मी समजू दिलं. कारण दुसरी गोष्ट सांगितली असती तर तुम्ही मला चांगला म्हणाला असतात आणि त्याची किंमत हिराकाकूंनी भरली असती.

भावना, तू हे माझ्या हुकमाच्या पत्रासारखं आधी उघडशील. माझी विनंती आहे, यातलं काही भिजवू नकोस. वाच, रड, चीड, पण बाबांकडे जसंच्या तसं दे. ते उद्या निघण्याआधी.

जुलैमधला रविवार. तुमच्याकडून मी डबा घेऊन घरी आलो. हिराकाकूंच्या अळूवड्याच होत्या. मी आंघोळीला गेलो, शॅम्पू विसरला म्हणून परत आलो. स्वयंपाकघरात बाबा उभे होते. त्यांनी कचरा थेट तळमजल्यावर टाकायच्या भिंतीतल्या शूटचं झाकण उघडलं होतं आणि डबा त्यात ओतत होते. रागाने नाही, काका. ऑफिसातले जुने कागद फाडावेत तसं. मग त्यांनी डबा विसळला, साबण लावून परत विसळला, आणि आईने त्यात बेसनाचे लाडू भरायला घेतले. तुम्हाला परत पाठवायला.

मी विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "अरे, आपल्याला नाही चालत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आपण घेतो. एवढं साधं आहे." मी आईकडे बघितलं. म्हटलं, नेहमी? ती लाडू भरत राहिली. आणि मी दर वेळी तुमच्याकडे येऊन सांगायचो, आईला फार आवडल्या, काकू. ती सांगायची तसंच मी सांगायचो.

मी तिथेच, टॉवेल गुंडाळून, भावनाचं नाव घेतलं. म्हटलं, मी तिच्याशी लग्न करणार आहे. बाबा हसले. "खेळायला जातोस ते ठीक आहे. शिवदास हुशार माणूस आहे, मला आदर आहे त्यांचा. पण सोयरीक वेगळी." जात त्यांनी उच्चारली नाही. ते कधीच उच्चारत नाहीत. आणि वर, "माझ्या पैशावर शिकतोयस तोवर हा विषय या घरात नको." मी म्हटलं, मग तुमच्या पैशावर शिकत नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन नाव काढून घेतलं. रजिस्ट्रारच्या बाईंनी तीनदा विचारलं, "आर यू शुअर?" मी इतका रागात होतो की त्यांनीच मला पाणी दिलं.

माफी मी मागत नाही. माझ्या बापाच्या वतीने मागायची माफी फार स्वस्त होईल, आणि ती त्यांनी मागायची आहे.

तुम्ही हे वाचून काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. "बाळा, मी पन्नास वर्षं हेच बघत आलोय, मला काही नवीन नाही. मी जातो आणि त्यांच्या सोफ्यावर बसतो, बघू काय करतात." तुम्ही बसालही. भीती मला त्याची नाही. हिराकाकू डबा पुढे करतील, माझी आई तो दोन्ही हातांनी घेईल, "अगंबाई, कशाला त्रास" म्हणेल, आणि सगळे हसतील. मला ते हसू परत होऊ द्यायचं नाही. निदान माझ्यासाठी, माझं काम घेऊन तुम्ही तिथे गेलेले असताना तर नाहीच.

प्रबोध मघाशी म्हणाला, "मग जाऊ नका एवढंच लिही आणि सोडून दे. बापाशी भांडण झालंच आहे." मी त्याला पट दाखवला. अट मोडली त्याची. म्हटलं, हे बघ, सगळे म्हणतात राजाने थांबायला हवं होतं. मीही महिनाभर तेच म्हणतोय, आणि छाती पुढे काढून थांबलोय. पण राजा जागेवर थांबून सेनापतीला म्हणत राहिला की तू ये, लवकर ये, तर नदीच्या या बाजूला झार सेनापतीलाच आधी गाठतो. मार सेनापतीच खातो. राजाने थांबायचंच नव्हतं. त्याने मागे फिरायला हवं होतं. आपली सगळी फौज घेऊन, मॉस्कोकडे पाठ करून, लोक भित्रा म्हणाले तरी, झार आणि त्या गाड्यांच्या मध्ये जाऊन उभं राहायला हवं होतं. प्रबोध म्हणाला, "मला काही कळलं नाही, पण तू शर्ट बदल. हा मळलाय."

तेव्हा ठरलं. मी आज जातोय घरी. प्रबोधची ट्रेन बुओना व्हिस्टाला पोचेल तोवर मी आईबाबांच्या ब्लॉकपाशी पोचलेला असेन. बाबा शनिवारी घरीच असतात. मी ओरडणार नाही. ओरडलो की त्यांना सोपं जातं, मग विषय माझ्या आवाजाचा होतो. मी बसून त्यांना सांगणार आहे, की शिवदासकाका उद्या येणार होते, त्यांना मी थांबवलंय, आणि का थांबवलंय. आईलाही सांगणार, की लाडू परत पाठवणं बंद. हिराकाकूंना खरं काय ते तिने स्वतः सांगावं, जेव्हा तिला जमेल तेव्हा. आणि भावनाचं नाव परत एकदा घेणार, या वेळी अंगावर पूर्ण कपडे असताना.

ते काय म्हणतील ते म्हणोत. त्यांनी मला घरात घ्यावं म्हणून मी जात नाहीये.

पुढचं. मी पुण्याला जातोय. शिरीष म्हणून एक जण शाळांसाठी लाकडी खेळ आणि पट बनवतो, त्याच्याकडे काम ठरलंय. डिग्री मी मुक्त विद्यापीठातून पूर्ण करणार, माझ्या पगारावर. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, किंवा तुमच्या मनात जागा मिळवायची म्हणूनही नाही. अर्धं राहिलंय आणि ते माझं आहे, म्हणून.

भावनाला मी विचारलं ते मागे घेत नाही, हे मागच्या पत्रात लिहिलंय. पण "लवकर" हा शब्द मागे घेतो. तिने फायनल द्यावी, नोकरी बघावी, हवं तर मला विसरावं. विसरली तर मला कळवण्याचीही सक्ती नाही, मी ओळखेन. नाही विसरली, तर तिने सांगावं कधी, आणि तेव्हा मी तुमच्या दारात येईन. हॉकर सेंटरमधल्या अंकलना पण बोलवू. मला मिळालेल्या नकाराचे ते सगळ्यात जवळचे साक्षीदार आहेत.

कालपर्यंत मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून मी काहीतरी करून दाखवलं पाहिजे. आज हे पत्र वाचलंत की बहुतेक तुम्ही माझ्यावर चिडाल, की इतके दिवस गप्प का बसलो. चिडा. फक्त हिराकाकूंना हे तुम्ही वाचून दाखवा, एकटीला वाचायला देऊ नका. आणि त्या अळूवड्या उद्या तुम्ही तिघं बसून खा. एक तुकडाही आईबाबांकडे जाता कामा नये.

धूर आज थोडा कमी आहे. प्रबोध चपला घालून दारात उभा आहे आणि घड्याळ दाखवतोय.

राजाचा हुकूम, मागचा रद्द. दुसरा स्वार पहिल्याला गाठू शकतो असं नियमात आहे, त्याने गाठावं. सेनापतींनी नीपर ओलांडू नये. गाड्या, माणसं, सगळं घेऊन पश्चिमेच्या काठावरच राहावं आणि विस्तव पेटवून निवांत जेवावं. राजा सगळ्या फौजेनिशी नदीकडे यायला निघाला आहे. इकडचा काठ त्याने धरायचा आहे, तो धरेपर्यंत कुणीही पाण्यात पाय घालू नये.

बापाच्या दाराकडे निघालेला,
तुमचा,
कुशल